वाळूखालचं रान: साहेलच्या बाजरीच्या शेतात झाडं परत कशी आणायची

नायजरमधल्या मरादीच्या आसपास मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, शेत साफ करायची जुनी रीत आपल्या शेतकऱ्याला नवी वाटणार नाही. रानात जिथे हिरवं झुडूप दिसेल ते जमिनीलगत छाटायचं, ढीग रचायचे, पेटवून द्यायचे. काडी दिसली नाही म्हणजे मालक कष्टाळू. हाऊसा भाषेत या सफाईला 'सस्साबे' म्हणतात. पश्चिम आफ्रिकेत हवामानबदलाशी जुळवून घ्यायचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दूरवर पसरलेलं तंत्र याच सफाईतल्या एका लहानशा बदलातून आलं: खुंटाला आलेले सगळे फुटवे न तोडता काही निवडक राखायचे. त्याचं हाऊसा नाव 'सस्साबिन झमानी', म्हणजे नव्या जमान्याची सफाई. हा 'झमानी' आणि आपला 'जमाना' मुळात एकाच अरबी शब्दाची लेकरं आहेत.

कामानिमित्त नायजर, बुर्किना फासो, माली, सेनेगल इथे जाणाऱ्या किंवा इथे बसून तिथल्या प्रकल्पांचे कागद हाताळणाऱ्या मराठी माणसासाठी हे लिहितो आहे. घाना-आयव्हरी कोस्टच्या ओल्या पट्ट्यातली कोकोची बाग हा वेगळा विषय, त्यात इथे शिरत नाही. आपण बोलतोय ते बाजरी, ज्वारी, चवळी, भुईमूग पिकवणाऱ्या कोरड्या साहेलबद्दल, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला लागून असलेल्या पट्ट्याबद्दल.

आधी दुखणं समजून घ्या

इथे वर्षाला जेमतेम ३०० ते ७०० मिलीमीटर पाऊस पडतो, तोही जून ते सप्टेंबर. १९६८ ते १९७३ आणि पुन्हा १९८३-८४ मध्ये मोठे दुष्काळ पडले. १९९० नंतर पाऊस काहीसा सावरला, पण त्याचा स्वभाव बदलला. उपग्रहांच्या नोंदींनुसार अतितीव्र वादळं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपेक्षा जवळपास तिप्पट झाली आहेत. म्हणजे एका दिवसात धो धो, मग दोन-तीन आठवडे दडी.

उघड्या शेतात याचा अर्थ काय होतो? जूनमधल्या वादळात बाजरीची कोवळी रोपं उडत्या वाळूने कापली जातात किंवा गाडली जातात. आपण दुबार पेरणीने हवालदिल होतो, तिथे तिबार-चौबार पेरणीची वेळ येते आणि बियाण्याचं गाडगं रिकामं होतं. पाऊस ओढ देतो तेव्हा वाळूचं तापमान पन्नास अंशांच्या पुढे जातं. जळण उरलेलं नसतं म्हणून शेण चुलीत जातं, शेतात खत पडत नाही.

शेतात विखुरलेली झाडं या प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी मदत करतात. वारा जमिनीलगत मंदावतो आणि एकाच पेरणीत काम भागण्याची शक्यता वाढते. पाचोळा पडतो, जळण मिळतं, शेण शेतात राहतं. सेनेगलमधल्या प्रयोगांत तर असं दिसलं की शेतातली काही देशी झुडपं रात्री खोलवरची ओल मुळांवाटे वर आणून वरच्या कोरड्या मातीत सोडतात, आणि शेजारची बाजरी पावसाच्या खंडात त्यावर तगते. त्यातलं एक झुडूप म्हणजे हाऊसात 'कालगो'. त्याची जोडपानं पाहिली की दसरा आठवतो, कारण ते आपल्या आपट्याचंच भाऊबंद.

पहिलं काम: रोपं मागवू नका, खुंट मोजा

प्रकल्पाचा पैसा आला की पहिला विचार रोपवाटिकेचा येतो. थांबा. टोनी रिनाउडो हा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ मरादीत अशीच रोपं लावत होता आणि बहुतेक मरत होती. १९८३ मध्ये वाळूच्या रस्त्यावर टायरमधली हवा कमी करायला तो उतरला. बाजूला एक क्षुल्लक झुडूप होतं. पानं निरखल्यावर कळलं की हे झुडूप नाहीच, तोडलेल्या झाडाच्या खुंटाला आलेले फुटवे आहेत. दरवर्षी छाटले जातात, दरवर्षी पुन्हा येतात. त्या उजाड दिसणाऱ्या शेतांखाली जिवंत मुळांचं अख्खं रान होतं.

कोरड्या हंगामात, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, शेतकऱ्याबरोबर शेत पायाखाली घाला. बरोबर एखादा म्हातारा माणूस हवाच. गुडघ्याएवढ्या झुडपाचं नाव तुमच्या पुस्तकात सापडणार नाही, तो पान चोळून वासावर सांगेल. प्रत्येक जिवंत खुंटाजवळ काठी रोवा, त्यावर रंगीत चिंधी बांधा. हेक्टरी चाळीस चांगले खुंट मिळाले तर सुरुवातीला पुष्कळ झालं. म्हणजे साधारण सोळा मीटरला एक झाड. अनेक शेतांत याहून कितीतरी जास्त मिळतात.

खुंट अजिबात मिळाले नाहीत तर दोन शक्यता. एक, मातीत बी असेल, विशेषतः जनावरं बसतात तिथे. दोन, जमीन इतकी कडक झाली असेल की आधी पाणी मुरवायला हवं. त्याकडे पुढे येतो.

झाड कोणाचं, हे कोयता उचलण्याआधी ठरवा

खरं तर हेच पहिलं काम. फ्रेंच वसाहतीच्या काळापासून या भागातली मोलाची झाडं सरकारी मानली जात. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातली फांदी तोडली तरी वनरक्षक दंड करी. परिणाम उलटा झाला. रोप मोठं झालं तर सरकारचं होणार, मग लहान असतानाच उपटून टाका. मालकीच्या शेतातला साग तोडायला परवानगीचे खेटे घातलेल्या आपल्याकडच्या माणसाला हे जास्त समजावायला नको.

नायजरमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वनखात्याचा हात सैल झाला आणि झाडं वाढू लागली, कायदा मागाहून आला. १९९३ चं ग्रामीण संहितेचं मूळ फर्मान, २००४ चा वनकायदा, आणि जुलै २०२० मधलं फर्मान, ज्यात शेतकऱ्याने राखून वाढवलेल्या झाडांवरच्या त्याच्या हक्काला स्पष्ट जागा मिळाली. आपोआप आलेले फुटवे राखून झाड वाढवायच्या या पद्धतीला फ्रेंच कागदांत 'आरएनए' म्हणतात, ती अक्षरं ओळखून ठेवा. शेजारच्या देशांत नियम निराळे आहेत. तेव्हा ज्या तालुक्यात काम करणार तिथल्या वनाधिकाऱ्याला पहिल्याच बैठकीला गावात आणा आणि छाटलेला फाटा कोण नेणार, विकणार, हे सर्वांसमोर त्याच्या तोंडून वदवून घ्या. कागदापेक्षा हे जास्त टिकतं.

कायद्याखालचा रिवाज मात्र अधिक नाजूक आहे. पश्चिम आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी झाड लावणं म्हणजे जमिनीवर हक्क सांगणं. उसनवार जमीन कसणाऱ्याने रोप लावलं तर मूळ कुटुंब त्याला उठवू शकतं. बायकांच्या वाट्याला बहुधा अशीच उसनी, लहान तुकड्याची जमीन येते. लावलेल्या झाडापेक्षा आपोआप उगवलेलं राखणं कमी भांडणाचं, पण तेही विचारूनच. कुठे नेरे या शेंगांच्या झाडाच्या शेंगा जमिनीच्या पाटलाच्या घरच्या, तर कुठे शेआ या तूप देणाऱ्या झाडाची पडलेली फळं वेचणाऱ्या बायकांची. जमीन एकाची, बुंधा दुसऱ्याचा, फळ तिसऱ्याचं, असं असू शकतं. बैठकीत बायका नसतील तर ही माहिती मिळणारच नाही, कारण पुरुष 'झाड आमचं' एवढं सांगून मोकळे होतात. सरपण, शेआ, नेरे, पाला यांची चौकशी बायकांच्या वेगळ्या बैठकीत करा.

छाटणी

हत्यार धारदार हवं, एवढी एकच महागडी गरज. कोयता बोथट असला की साल सोलली जाते, फुटवा बुडापासून फाटतो आणि वाळवी शिरते.

एका खुंटाला पाच-पंचवीस धुमारे असतात. त्यातले सगळ्यात उंच, सरळ, जोमदार असे तीन ते पाच ठेवा, बाकीचे बुडाशी साफ कापा. शक्य तेवढे एकमेकांपासून लांब असलेले ठेवा. ठेवलेल्या प्रत्येक फुटव्याच्या खालच्या निम्म्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या काढा, वरचा निम्मा हिरवा राहू द्या. फांदी काढताना वार खालून वर. वरून घाव घातला की फांदी स्वतःच्या वजनाने साल ओढत खाली येते. छाटलेला पाला लगेच उचलू नका, फांद्या आठवडाभर जमिनीवर पसरून ठेवा. पानं गळतील, वारा त्यांच्यामागे धूळ आणून टाकेल, वाळवी त्यांची माती करेल. मग काटक्या घरी न्या.

उत्साहात एकच बुंधा ठेवण्याचा मोह होतो, कारण तो झाडासारखा दिसतो. ठेवू नका. बकरीने खाल्ला, वाऱ्याने मोडला, चोराने नेला तर सगळं संपलं. तीन-चार असले की पहिली दोन-तीन वर्षं दरवर्षी एक कापून सरपण किंवा छपराचा वासा मिळतो, त्या जागी नवा फुटवा वाढवता येतो. शेतकऱ्याला पहिल्याच वर्षी काहीतरी घरी नेता आलं, हे या पद्धतीच्या यशामागचं मोठं कारण आहे.

यानंतर दर दोन ते सहा महिन्यांनी फेरी मारायची, नवे धुमारे काढायचे. सगळ्यात मोठा धोका जुलैच्या खुरपणीत. मजूर किंवा घरातली पोरं ओळीने खुरपत जातात आणि सवयीने फुटवे उडवतात. चिंध्यांचा उपयोग तिथे. खुरपणीच्या सकाळी शेतमालकाने एकदा सगळ्यांना ओळीने फिरवून झाडं दाखवावीत.

कोणतं झाड, कशासाठी

गाओ सगळ्यात आधी. हे झाडाचं हाऊसा नाव, बांबारा भाषेत बालांझान, वोलोफमध्ये काद. हे झाड उलट्या घड्याळाचं आहे. पावसाळ्यात पानं गाळतं, कोरड्या हंगामात हिरवं होतं. पीक उभं असताना त्याची सावली नाही, पाण्यासाठी स्पर्धा कमी, आणि गळलेली पानं पेरणीच्या वेळी खत होतात. हवेतला नत्र धरणाऱ्या झाडांपैकी ते आहे. सेनेगलमध्ये १९६० च्या दशकात केलेल्या मोजमापांत त्याच्याखालची बाजरी उघड्या रानापेक्षा सुमारे अडीचपट भरली होती. कोरड्या हंगामात शेंगा पडतात तेव्हा दुसरा चारा जवळपास नसतो. नायजरमधल्या झिंदरच्या एकोणिसाव्या शतकातल्या एका सुलतानाने गाओ विनाकारण तोडणाऱ्याला जबर शिक्षा ठेवली होती, असं तिथे सांगतात. एक सूचना: कोवळा गाओ पहिली काही वर्षं पावसातही पानं धरतो, मुळं खोल ओलीपर्यंत गेल्यावर त्याचं घड्याळ फिरतं. शेतकरी 'हे खोटं झाड आहे' म्हणून कापायला निघतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

बाकीच्या यादीत ओळखीचे चेहरे भेटतील. बोर, हिंगणबेट, चिंच, गोरखचिंच. गोरखचिंचेला तिथे कूका म्हणतात आणि तिच्या वाळलेल्या पाल्याच्या पुडीचं कालवण रोजच्या जेवणात असतं. शेवगा मूळचा भारतातला, तिकडे तो झोगाले. नायजरच्या पश्चिमेकडे उकडलेल्या शेवग्याच्या पाल्यात भुईमुगाची पेंड कुस्करून घालतात, त्या पदार्थाचं नाव कोप्तो. आपली शेवग्याच्या पाल्याची कूट घातलेली भाजी खाल्लेल्याला तो परका वाटू नये.

कडुनिंबही आपल्याकडून गेला. नायजरच्या माज्जिया खोऱ्यात १९७५ पासून कडुनिंबाच्या दुहेरी रांगा वारा अडवण्यासाठी लावल्या गेल्या आणि धान्य वाढलंही. पण बाजरीच्या मधोमध ठेवायचं हे झाड नव्हे. ते बांधावर, घराभोवती.

दक्षिणेकडे जरा जास्त पाऊस असलेल्या भागात शेआ आणि नेरे. शेआची फळं ऐन टंचाईच्या महिन्यांत पिकतात, त्याचं तूप स्वयंपाकालाही आणि बाजारालाही. नेरेच्या बिया आंबवून केलेला सुंबाला आमटीला चव आणि प्रथिनं देतो. दोघांची सावली मात्र दाट. नेरेखाली ज्वारी मार खाते. फांद्या विरळ करा, किंवा बुंध्याभोवती सावली सोसणारं पीक घ्या, मिरची किंवा अळकुडीसारखं. शेआला फळ धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात, म्हणून कोवळा शेआ दिसला की त्याला हात लावू नका.

जमीन लाद झाली असेल तर

बुर्किना फासोच्या यातेंगा भागात अशा जमिनीला झिपेले म्हणतात. टणक, उघडी, पाणी वरून वाहून जातं. इथे आधी खड्डे, मग झाड.

'झाई' ही तिथली जुनी रीत. वाहिगुयाजवळच्या गुर्गा गावचे याकुबा सावादोगो यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यात सुधारणा केली. खड्डे रुंद-खोल केले आणि कोरड्या हंगामातच त्यात शेणखत-पाचोळा टाकला. शेजारी त्यांना वेडा म्हणाले. वाळवी त्या खतावर आली, तिने कडक जमिनीत बोगदे पाडले, पहिल्या पावसाचं पाणी त्यातून आत गेलं. खतातल्या बियांतून झाडंही उगवली. ती त्यांनी राखली आणि कालांतराने तिथे जंगल झालं. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, रिनाउडोलाही त्याच वर्षी. २०२३ मध्ये सावादोगो वारले.

मापं अशी. व्यास २० ते ४० सेंटिमीटर, खोली १० ते २० सेंटिमीटर, दोन खड्ड्यांत ६० ते ८० सेंटिमीटर. काढलेली माती उताराच्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखी. प्रत्येकात दोन मुठी कुजलेलं खत. सगळ्यात जड भाग मजुरी. हेक्टरी शेकडो तास जातात, त्यामुळे पहिल्या वर्षी पाव हेक्टरच घ्या. उतार जास्त असेल तर दगडांच्या समपातळी ओळी आधी. पातळी काढायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते.

या दगडी ओळींमागे एक गोष्ट आहे. यातेंगात ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेने १९७९ मध्ये सुरू केलेला प्रकल्प मुळात झाडं लावण्यासाठी होता. लोकांनी झाडांसाठी केलेल्या पाणी अडवण्याच्या युक्त्या पाहिल्या आणि त्या धान्यासाठी वापरायच्या ठरवल्या. प्रकल्पाने हट्ट सोडला, दगडी ओळींचं काम धरलं, आणि तेच पसरलं. पोटाला बाजरी आधी लागते, हे प्रकल्पाच्या आराखड्यात लिहून ठेवण्याजोगं.

अगदी उजाड सामायिक जमिनीवर नायजरमध्ये अर्धचंद्र खणतात. चार मीटर व्यासाचे, हेक्टरी तीनशेच्या वर. त्यात गवत, कडेला एखादं झाड. तिथे चराईचे नियम आधी ठरायला हवेत.

गुरं आणि गुराखी

सुगी झाली की शेतं सर्वांच्या गुरांना मोकळी होतात. कोवळे फुटवे नेमके तेव्हा खाल्ले जातात. कुंपण घालायचं म्हटलं तर काटेरी फांद्यांसाठी पुन्हा झाडंच तोडावी लागतील. उपाय माणसांचा आहे. फुलानी गुराखी दरवर्षी ठरल्या वाटेने येतात. आपल्याकडे धनगराचा वाडा शेतात बसवतात, तसाच गुरं शेतात बसवून खत घेण्याचा व्यवहार तिथेही जुना आहे. त्यांच्या म्होरक्याला गावच्या बैठकीत बोलवा. कुठली शेतं दोन हंगाम टाळायची, कुठे पाणी मिळेल, नुकसान झालं तर कोण मध्यस्थी करेल, हे एकत्र ठरू द्या. नुसता दंड ठरवणारी समिती भांडण वाढवते. शेंगा धरू लागल्या की गुराख्यांनाही झाडं हवीच असतात.

चोरीचं काय? मरादीतल्या दान सागा गावाने राखणदारीची समिती केली, लाकूड विकायची ठरलेली जागा केली. मालीच्या सेनो मैदानात दोगोन लोकांनी बाराहोगोन ही रान सांभाळणारी जुनी व्यवस्था पुन्हा उभी केली. आज यातेंगा आणि सेनो या दोन्ही भागांत सशस्त्र संघर्ष आहे, लोक गावं सोडून गेले आहेत. तिथे जाण्याचा बेत कागदावर आखू नका, स्थानिक माणसं सांगतील तेच प्रमाण.

धान्य देऊन झाडं राखवू नका

१९८४ च्या दुष्काळात मरादीत कामाच्या बदल्यात धान्य देताना फुटवे राखण्याची अट घातली गेली. लाखो झाडं राखली गेली. धान्य थांबलं, पाऊस आला, आणि बहुतेकांनी ती तोडून टाकली. मात्र काहींनी ठेवली. त्यांचं पीक पाहून शेजाऱ्यांनी विनामोबदला सुरुवात केली आणि ती लाट पुढे वीस वर्षं वाढत राहिली. पुढे क्रिस राय आणि ग्रे टॅपन या संशोधकांनी उपग्रहचित्रं आणि शेतं ताडून पाहिली, तेव्हा दक्षिण नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परत आलेली दिसली.

म्हणून पैसे द्यायचेच तर कोयत्यांसाठी, बैठकीच्या जेवणासाठी आणि शेतकऱ्यांना दुसऱ्या गावची शेतं दाखवायला नेणाऱ्या गाडीसाठी द्या. एका गावातून तीन-चार शेतकरी पुरेत. त्यात एक नवरा-बायको दोघं असतील असं पाहा, आणि एखादा असा माणूस, जो सगळ्यात जास्त विरोध करतो.

पहिल्या वर्षी त्यांच्या फुटव्यांमुळे पिकात फरक दिसणार नाही, आणि दिसेल असं सांगू नका. गावाच्या शिवारात एखादा जुना गाओ उभा असतोच. ऑक्टोबरच्या सुगीत त्याच्या बुंध्यापासून दोन-तीन मीटरवर दहा पावलं लांब-रुंद तुकडा आखा, तेवढाच तुकडा त्याच शेतात सावलीपासून दूर. एकाच दिवशी दोन्हीकडची कणसं कापा, वेगळी झोडपा, गावच्याच वजनकाट्यावर तोला. तोलताना शेजारच्या शेतांचे मालक हजर असू द्या, कारण मे महिन्यात कोयते त्यांच्याच हातात असतील.